मामाजींनी न खाल्लेला आलूबोंडा

मामाजी,

तेरवी होऊन आठ दिवस झाले. पाहुणे गेले, शेजाऱ्यांची गंजं-पातेली घासून परत केली. आज दुपारी कढी वाढायला घेतली आणि वाटी हातात धरून मी तशीच उभी राहिले. तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते. तुम्ही नाही, हे हाताला अजून कळलेलं नाही.

तुमची लेक, आपल्या तुमसरच्या ताई, जाताना म्हणाल्या, "वैनी, बाबावर चार ओळी तुमीच लिवा. तुमाले अंगनवाडीचे रिपोर्ट लिवाची सवय आहे." त्यांना वाटतं मी लिहीन : पवनीचे जुने विणकर, शांत स्वभाव, साधी राहणी. रिफाइंड तेलाच्या पाकिटाशी अर्धा तास भांडणाऱ्या माणसाला शांत म्हणायला माझी तयारी नाही. आणि जे मला खरंच लिहायचं आहे, ते कुठल्या रिपोर्टात बसत नाही.

मी तुमची सून. सासऱ्याला मामाजी म्हणायचं, डोक्यावर पदर घ्यायचा, विचारलं तेवढंच सांगायचं, हे मी माहेरून शिकून आले होते. लग्नानंतरची वीस वर्षं मी तेवढंच केलं. तसं माझ्या स्वभावालाही ते सोयीचं होतं. पण खाण्यावरून आपलं भांडण पहिल्या वर्षीच सुरू झालं.

घरात काहीही आलं की तुमचा पहिला प्रश्न "काय आहे?" असा कधीच नसायचा. "कोनाच्या घरचं?" असा असायचा. दूध एकाच घरचं. त्यांनी नवी म्हैस घेतली तेव्हा तुम्ही आठ दिवस काळा चहा प्यालात, कारण "तिचं खानंपिनं मले मालूम नाही." तांदूळ ताईंकडून यायचा. जावई तिथल्या राइस मिलमध्ये, तरी प्रत्येक पोत्यातले चार दाणे तुम्ही तोंडात टाकून, वर आढ्याकडे पाहत चावायचात. ताई चिडायच्या. "बाबा, पोरीवर भरोसा नाही का तुमचा?" तर तुम्ही म्हणायचात, "पोरगी माही आहे. गिरनी माही नोहे."

पीठ तुम्ही अंगठा आणि बोटामध्ये चोळून पाहायचात, सूत पाहावं तसं. जवसाचं तेल डोळ्यांसमोर गाळून घेतलेलं हवं. रिफाइंडचं पाकीट मी आणलं तेव्हा ते नाकाशी धरून तुम्ही म्हणालात, "याले वासच नाही व."

"शुद्ध केलं आहे ना, मामाजी."

"ज्याले वास नाही, ते काई तरी लपवून राहिलं."

आणि तारखा! मी अंगणवाडीची सेविका. पाकिटावरची तारीख पाहिल्याशिवाय मी एक दाणा शिजवत नाही, तसं शिकवलेलंच आहे आम्हाला. तुम्ही चष्मा लावून ती तारीख वाचायचात आणि विचारायचात, "हे लिवनारा मानूस पाकिटासंग इथवर आला का?"

"तो कसा येईन?"

"मंग वाटेत किती दिवस उन्हात पडून होतं, त्याले काय मालूम? तारीख पाकिटाची रायते. वास मालाचा."

यावर माझ्याकडे उत्तर असायचं, पण पदराआड राहायचं. बिस्किटाच्या एकाच जातीला तुम्ही सूट दिली होती, कारण चौकातले टेलरकाका ते तीस वर्षं खात होते. "खानाऱ्याचं वय पाय," म्हणायचात, "त्याच्याहून मोठी सर्टिफिकेट नाही." टेलरकाका गेले तेव्हा तुम्ही महिनाभर बिस्किटाला हात लावला नाही. ते पडून, कंबर मोडून गेले होते. तरीही.

लाखोरीचं भांडण तर आपलं अर्धंच राहिलं. धान कापायच्या आधी त्याच शेतात, बांधीत, फेकून पेरतात ती आपली लाखोरी. तिची डाळ, तिचे वडे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं होतं, ती सतत खाल्ली की माणूस पायांनी अधू होतो, सरकारने विक्रीवर बंदीही घातली होती. मी तेवढ्यापुरती धीट झाले आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही मागाच्या खड्ड्यातून दोन्ही पाय वर काढून माझ्यापुढे लांब केलेत. "पाय, हे पाय. लुले झाले का?" सासूबाई आतून ओरडल्या, "सुनेपुढं तंगड्या कायले दाखवता हो!" आणि मग मला त्यांनी जवळ बसवून दाखवलं. डाळ गरम पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, पुन्हा भिजवायची, पुन्हा फेकायचं, मग शिजवायची. सासूबाई गेल्यावर वडे केले की तुमचा प्रश्न ठरलेला, "पयलं पानी फेकलं का?"

मी फेकत होते, मामाजी. ते खरं आहे. पण एक वर्षभर मी त्या डाळीत निम्मी चण्याची डाळ मिसळत होते, आणि तेही खरं आहे. तुम्ही एकदा एवढंच म्हणालात, "यंदाची लाखोरी मवाळ निंगाली." पुढे दुसऱ्या एका ट्रेनिंगमध्ये बाईंनी सांगितलं की भिजवून पाणी फेकल्यानं त्यातलं बरंचसं विष निघून जातं. मी वहीत उतरवून घेतलं. घरी येऊन तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही लाखोरीवर विश्वास ठेवतच नव्हता, पाणी फेकणाऱ्या हातावर ठेवत होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. तुमचं बरोबर होतं, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता?

मग कोरोनाची दुसरी लाट आली. तुम्ही त्यातून उठलात. ताप गेल्यावर पंधरा दिवसांनी मी लसणाची फोडणी घातली होती, सगळं घर ठसकत होतं. तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारलंत, "आज फोडनी देल्ली नाही का?"

मी कढईकडे बोट केलं. तुम्ही कढईवर वाकलात. दोनदा नाक ओढलंत. मग माझ्याकडे पाहिलंत, आणि ती नजर मी विसरणार नाही. सगळ्या वस्तूंनी एका दिवसात तुमच्यापासून काहीतरी लपवायला सुरुवात केली होती.

त्यानंतरचा महिना तुम्ही केळी, उकडलेली अंडी आणि शेंगा खाऊन काढलात. हे, म्हणजे तुमचा किशोर, वैतागले. "बाबा, माकडावानी काय खाऊन राहिले?" तुम्ही म्हणालात, "जे आपल्या सालीत आहे, त्याले कोनी हात लावला नाही." माणूस वाळत चालला होता. वास फिरून येईल, डॉक्टर म्हणत होते. आला नाही.

आणि एका सकाळी तुम्ही डाळीची वाटी घेऊन माझ्यासमोर उभे राहिलात. वाटी माझ्या नाकाशी धरलीत. वीस वर्षांत तुम्ही माझ्या इतक्या जवळ कधी उभे राहिला नव्हता. माझा पदर सरकला, मी तो सावरू का वाटी धरू, असं झालं.

"वास घे अन् सांग."

"चांगला आहे, मामाजी."

"चांगला म्हंजे कसा?"

मला सांगता येईना. तुम्ही ओट्यापाशी पिढ्यावर, त्या बुटक्या पाटावर, बसलात आणि मला शिकवायला लागलात. "लांब सास नको घेऊ, नाक थकते. कुत्र्यावानी घे, दोन-तीन झटके." मी कुत्र्यासारखं केलं. मला हसू आलं, तुम्हालाही आलं. मग रोज दोन्ही वेळा ते सुरू झालं. दह्याचा आंबूसपणा कुठवर चांगला, पिठाला डब्याचा वास लागला का किड्याचा, तेल खवट व्हायच्या आधी त्याला कसा वास येतो. "चांगला" हा शब्द तुम्ही बंदच करून टाकलात. मी शोधून शोधून सांगायची. ताकाला कोऱ्या मडक्यासारखा वास येऊन राहिला. भात धुतलेल्या धोतरासारखा. डाळ पाटी पुसल्यासारखी. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात, आणि पटलं की "हं" म्हणून पहिला घास घ्यायचात. मी सांगितलेला वास तुम्ही खात होता.

मला माझ्या माहेरी घुमी म्हणायचे. इतके शब्द माझ्यात आहेत, हे मला त्या पिढ्यासमोर बसून कळलं. मी आज हे लिहू शकते आहे, ते तुम्ही मला बोलायला लावलंत म्हणून. याबद्दल तुमचे आभार मानायला मला कधी सुचलं नाही.

आता जे कुठल्या रिपोर्टात बसत नाही, ते लिहिते.

पुढच्या वर्षीचा चैत्र होता. आदल्या संध्याकाळी नदीतले झिंगे आले होते, त्याचा रस्सा उरलेला. रात्रभर लाइन नव्हती, फ्रिज बंद, हे मला सकाळी माहीत होतं. नऊला आसगावला, माझ्या अंगणवाडीच्या गावी, मीटिंग, रजिस्टर अर्धवट, गाडी सुरू करून मी दारात. तुम्ही पातेली घेऊन बाहेर आलात. पातेलीवर झाकण होतं.

"वनिता, वास घेतला का?"

"घेतला, मामाजी. चांगला आहे."

मी झाकणाला हातसुद्धा लावला नव्हता. तुम्ही "कसा?" विचारलं नाहीत. मी घाईत आहे, हे तुम्हाला दिसत होतं. तुम्ही "हं" म्हणालात आणि आत गेलात.

दोन वाजता मीटिंगमध्ये शेजारच्या बाईंचा फोन आला. मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तुम्हाला सलाइन लागलं होतं, ओठ पांढरे पडले होते. डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं, कधी खाल्लं. हे माझ्याकडे पाहायला लागले. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. मी ओठ उघडलेही असतील. तेवढ्यात तुम्ही खाटेवरून म्हणालात, "बस स्टँडवर आलूबोंडा खाल्ला."

हे म्हणाले, "तुमी?"

"दोन खाल्ले," तुम्ही म्हणालात.

जन्मात ज्या माणसाने लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याचं गाव विचारल्याशिवाय पान घेतलं नाही, त्याने असं सांगितलं, आणि डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी गप्प राहिले. संध्याकाळी घरी येऊन पातेलीचं झाकण काढलं. कुत्र्यासारखे झटके घ्यायची गरज नव्हती, दारातूनच कळलं असतं. चिंच आणि राख लावून मी ती पातेली तीनदा घासली. भांडं स्वच्छ करत नव्हते मी, पुरावा घासत होते.

चौथ्या दिवशी तुम्ही घरी आलात. मी पेज केली. तुम्ही वाटी उचललीत आणि माझ्यापुढे धरलीत, पहिल्यासारखीच. "घे. सांग." मी वाटी दोन्ही हातांनी धरली. मी वास घेतला, पुन्हा घेतला, पुन्हा घेतला. तुम्ही म्हणालात, "बस झालं व, थंडी होऊन राहिली." आणि प्यालात.

मामाजी, मला शिक्षा करायची असती तर तुम्ही ती वाटी नुसती उचलून तोंडाला लावायची होती, मला न विचारता. एवढंच पुरलं असतं. तुम्ही विचारलंत. शेवटच्या दिवसापर्यंत, रोज दोनदा विचारलंत. माझ्याकडून जे मोडलं होतं ते तुम्ही असं वापरून वापरून जोडलंत.

एकदा मी बोलायचा प्रयत्न केला होता. "मामाजी, त्या दिवशीचे झिंगे..." एवढं म्हटलं, तर तुम्ही हात वर केलात. "तुह्या हातचं चाळीस लेकरं खातेत आसगावात. चूप राय." तेव्हा मला कळलं की तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या काय विचार केला होता. सेविकेच्या घरी सासऱ्याला विषबाधा झाली, हे गावात पसरलं असतं तर कुठल्या आईने लेकरू पाठवलं असतं? कोणाच्या हातचं आहे, हेच बायाही आधी पाहतात. तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत.

पण तुम्ही सांगितलं म्हणून मी गप्प राहिले, असं म्हणणं फार सोपं आहे. खरं म्हणजे मला गप्पच राहायचं होतं. तुमच्या हुकमाने मला नुसती जागा करून दिली.

त्यानंतरच्या दीड वर्षात यांनी तुम्हाला किती टोमणे मारले! "आमाले जनमभर बाहेरचं खाऊ देल्लं नाही, अन् सोता लपून बोंडे हानले!" पाहुणा आला की ती गोष्ट. बाजाराला निघाले की, "बाबा, बोंडे आनू का दोन?" शेजारीपाजारी हसायचे, तुम्हीही हसायचात. एकदा हे खरंच चिडून म्हणाले, "तुमच्या नियमाईचा मले कंटाळा आला. ढोंग आहे सारं." तुम्ही तेव्हा हसला नाहीत. जेवण संपवलंत, हात धुतलात. मी पोळी लाटत होते. मी लाटत राहिले.

मग तुम्ही गेलात. हृदयानं गेलात, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं, दीड वर्षापूर्वीच्या विषबाधेशी त्याचा संबंध नाही म्हणाले. मी दोनदा विचारलं होतं. कशासाठी विचारते आहे, हे त्यांना कळलं नसेल.

तेरवीच्या दिवशी ताईंनी तुमच्या फोटोपुढे पान मांडलं. आवडीचं सगळं हवं म्हणून लाखोरीचे वडे केले होते, पाणी दोनदा फेकून, चण्याची डाळ न मिसळता. कढी, भात, जवसाची चटणी. आसगावहून दोघीजणी मदतीला आल्या होत्या, त्यांची लेकरं माझ्याच अंगणवाडीत आहेत. सगळे पानाभोवती जमले. तेवढ्यात हे बाहेरून आले. हातात कागदाची पुडी. डोळे लाल.

"बाबाले आवडे," हे म्हणाले. "लपून खाये बिचारे. आता तं उघड खाऊ द्या." आणि पुडी सोडून तो आलूबोंडा पानात, वड्यांच्या शेजारी ठेवला. लोक रडता रडता हसले.

मी पाहत होते. उद्यापासून तो दर श्राद्धाला त्या पानात येणार होता. ज्या घासाला तुम्ही आयुष्यात तोंड लावलं नाही, तो तुमच्या नावाने कायमचा वाढला जाणार होता.

"ते नका ठेवू," मी म्हणाले.

"काहून?"

"त्यायनं कधी खाल्लाच नाही."

हे हसले. "अवो, डॉक्टरपुढं कबूल केलं होतं त्यायनं."

"खोटं बोलले. माह्यासाठी." आणि मग मी सगळं सांगितलं. झिंगे, बंद फ्रिज, झाकण. पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता, तो मी उचलला नाही. कढी ढवळणाऱ्या आसगावच्या बाईचा हात थांबला, तेही मला दिसलं. माझं सांगून संपलं. हे खाली वाकले, बोंडा पानातून उचलला, पुडीत गुंडाळला आणि मागच्या अंगणात निघून गेले.

ताईच पहिल्यांदा बोलल्या. "बाबानं मले फोनवर सांगलं होतं, बोंडा चवीले एक नंबर होता म्हने. चव! नाकासंग बाबाची सारी चव गेली होती. मले तवाच समजाले पायजे होतं व वैनी." आणि त्या इतक्या हसल्या, इतक्या रडल्या, की मला त्यांना धरून बसावं लागलं. त्या रागावल्या नाहीत. तुमच्यावर गेल्या आहेत.

सोमवारी अंगणवाडीत दोन लेकरांच्या आयांनी घरून डबा दिला. त्यांचं चुकलं नाही. त्यांना पटेल तेव्हा पटेल. मी त्यांना काही समजावायला गेले नाही, पातेलं दारापाशी आणून ठेवलं, कोणालाही वाकून पाहता येईल असं.

मला माझ्यासाठी तुमच्याकडून काही मागायचं नाही, मामाजी. तुम्ही दिलेलं दीड वर्ष मला उरलेल्या जन्माला पुरेल. मला यांच्यासाठी बोलायचं आहे. मी माझं ओझं खाली ठेवलं आणि ते सरळ यांच्या डोक्यावर गेलं. तेरवीपासून हे धड जेवत नव्हते. मागच्या अंगणात बसून एकच वाक्य. "मी त्यायले ढोंगी म्हनलो व. अन् त्यायनं आयकून घेतलं."

मी रोज सांगायची, ते रागावले नव्हते. हे रोज विचारायचे, "तुले काय मालूम?"  परवा मी म्हणाले, "त्या दिवशी तुमी ढोंगी म्हनलं, तवा मी पोळ्या करून राहिली होती. मामाजी हात धुवाले मागं आले, तवा मले म्हनले, किशोरले तिसरी पोळी वाढ, रागात कमी खाल्लं पोट्ट्यानं."

हे खरं आहे. तुम्ही म्हणाला होतात. मी ते आधी यांच्यापासूनही लपवून ठेवलं होतं, कारण तुम्ही रागावला का नाहीत हे सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं; तेरवीनंतर ते तोंडातून निघायला परवाचा दिवस उजाडला.

हे उठले. मग आत आले, पाटावर बसले. मी भात वाढला. तो संपला. यांनी ताट माझ्याकडे सरकवलं आणि आणखी मागितला.